रत्नागिरी दाखवायला लागलायस तर...

पाहुण्यांना थेट किल्ल्यावर नेऊ नकोस रे. आधी थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणलं. राजवाडा उभा राहिला १९१० च्या सुमारास, आणि १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे हद्दपारीची बहुतेक वर्षं दुसऱ्या बंगल्यांतच गेली. हे सांगितलंस की लोक फोटो सोडून ऐकायला लागतात. शिवाजीनगरातली त्याची समाधीही दाखव, तिकडे सहसा कुणी फिरकत नाही.

टिळक आळीतलं लोकमान्यांचं घर वाटेतच. पतितपावन मंदिर १९३१ चं, सावरकरांच्या प्रेरणेने भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं, सर्व जातींना खुलं. इथे घाई नको. रत्नदुर्ग किल्ला उन्हं उतरल्यावर. पावसाळ्यात जांभा दगड निसरडा होतो, गुळगुळीत चपलावाल्यांना आधीच बजाव.