आधी दोन वर्षं स्टोअर्समध्ये काढ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोन नोकऱ्या हातात आहेत: हिंजवडीतल्या सल्लागार कंपनीत चेंज अ‍ॅनालिस्ट (कंपन्यांतले बदल तिथल्या लोकांच्या अंगवळणी पाडणारा), नाहीतर चाकणच्या कारखान्यात स्टोअर्स आणि प्लॅनिंग. पहिलीत पगार जास्त आणि हुद्दाही तुला हवा तोच. तरी माझं मत विचारलंस म्हणून सांगतो, चाकणची घे. पहिलीसारख्या नोकऱ्या दोन वर्षांनीही मिळतील, आणि तेव्हा मुलाखतीत सांगण्यासारखं तुझ्यापाशी स्वतःचं काही असेल.

नवी सिस्टिम येवो, नवी पद्धत येवो की दोन कंपन्यांचं विलीनीकरण होवो, तांत्रिक बाजू पाहणारी माणसं वेगळी असतात. चेंज मॅनेजमेंटमधलं आपलं काम एवढंच, की सोमवारपासून ज्याचं काम बदलणार आहे त्याला ते जमलं पाहिजे आणि का करायचं ते पटलं पाहिजे. त्यासाठी तो आज काय करतो हे आपल्याला ठाऊक हवं. बहुतेक प्रकल्प इथेच अडतात.

ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारी संगणकप्रणाली, आली की स्टोअर्सला नियम लागतो: जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झाल्याशिवाय माल उत्पादनाच्या लाइनवर द्यायचा नाही. नियम म्हणून योग्यच आहे. पण ट्रक येतो रात्री साडेअकराला. जीआरएन करणारा संध्याकाळीच घरी गेलेला असतो आणि तिसऱ्या पाळीचा सुपरवायझर पार्टसाठी दारात उभा असतो. लाइन थांबली तर बोलणी स्टोअरकीपरलाच बसणार. तो कच्च्या चिठ्ठीवर माल देतो आणि नोंद सकाळी होते. प्रकल्पाच्या अहवालात याला 'युजर रेझिस्टन्स', म्हणजे वापरणाऱ्यांचा विरोध, म्हणतात आणि त्यावर उपाय म्हणून आणखी एक ट्रेनिंग ठेवतात! हे मी एकाहून अधिक कारखान्यांत पाहिलं आहे आणि दर वेळी मला त्या अहवालाचा राग आला आहे. त्या माणसाला सिस्टिम उत्तम येत असते. रात्री नोंद करायला कोणी नेमलं किंवा गेटवरच तात्पुरती नोंद घ्यायची सोय केली, की चिठ्ठ्या बंद होतात. पण हे सुचायला रात्रपाळी पाहिलेली असावी लागते.

लोक बदलाला विरोध करतात, तो माणसाचा स्वभावच आहे, असं तुला पुष्कळ जण सांगतील. ते ऐकलंस की हारवुडचा प्रयोग आठव. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या मॅरियन गावी ही पायजमे शिवणारी कंपनी होती. तिथे कामाच्या पद्धती वारंवार बदलत. बदल झाला की उत्पादन घसरे आणि कामगार नोकरी सोडून जात. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी तिथे केलेला अभ्यास 1948 साली प्रसिद्ध झाला. बदल अगदी किरकोळ होते. उदाहरणार्थ, इस्त्री करणाऱ्यांच्या एका गटाने तयार पायजमे सहा-सहाच्या गठ्ठ्यांत पुठ्ठ्यावर रचायचे, ते आता खोक्यात रचायचे. या गटाला व्यवस्थापनाने कारण समजावून सांगितलं, नगामागचा नवा दर सांगितला आणि कामाला लावलं. त्यांचं उत्पादन वर आलंच नाही, आणि पहिल्या 40 दिवसांत 17 टक्के लोक सोडून गेले. दुसऱ्या गटांत मात्र बदल कसा करायचा, दर कसा ठरवायचा, यात सगळ्यांना सामील करून घेतलं होतं. ते लवकर सावरले, जुन्या पातळीच्याही वर गेले आणि कोणीही नोकरी सोडली नाही.

पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. पहिल्या गटात उरलेल्या 13 जणांना काही आठवड्यांनी पुन्हा नव्या कामावर घातलं, पण या वेळी त्यांना ठरवण्यात सामील करून. तेही दुसऱ्या गटांसारखेच भराभर वर आले. स्वभावाचाच दोष असता, तर हे घडलं नसतं.

ध्यानात घे, पहिल्या गटालाही कारण सांगितलं होतंच. आपल्याकडे टाउनहॉल, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा, घेऊन, पन्नास स्लाइड्स दाखवून जे होतं, ते त्या पहिल्या गटासारखंच. लोकांना विचारायचं ते निर्णय पक्का होण्याआधी, आणि त्यांच्या उत्तराने काही बदलणार असेल तरच. नाहीतर विचारू नये.

कारखान्यात एक प्रश्न तुला नक्की येईल: आमच्या नोकऱ्या जाणार का? माहीत नसलेलं आश्वासन कधीही देऊ नकोस, वरच्या साहेबाने सांगितलं तरी नको. बँकांकडे बघ. 1983 साली संघटनांशी बोलणी होऊन करार झाला आणि मग मर्यादित संख्येने संगणकीय यंत्रं आली. त्यानंतर 2000-01 मध्ये स्वेच्छानिवृत्ती आली आणि मोठ्या संख्येने लोक बाहेर पडले. म्हणून युनियनचे जुने लोक आज गोड बोलण्याने भुलत नाहीत, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. कायदाही वाच. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम 9-अ पगार, पाळ्या, कामाचे तास अशा ठरावीक बाबींत बदल करण्याआधी 21 दिवसांची नोटीस मागत असे, आणि नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तरतूद राहिली आहे. या क्षेत्रातल्या कितीतरी सल्लागारांना ती माहीत नसते.

सर्टिफिकेटचं विचारलंस. अ‍ॅडकार, कॉटरच्या आठ पायऱ्या, लेविन, ही बदल कसा घडवायचा याची पुस्तकी सूत्रं, हे सगळं वाच. चार शनिवार पुरतील. पैसे भरून कोर्स करायचाच असेल तर नोकरी लागल्यावर कंपनीच्या खर्चाने कर. त्यापेक्षा लिहायला शीक, आणि मराठीत शीक. ऑपरेटरच्या हातात इंग्रजी मॅन्युअल ठेवतात आणि मग तो वाचत नाही म्हणून तक्रार करतात. सोमवारी पहिल्या पाळीला काय वेगळं करायचं, हे लाइनवर बोलतात त्याच शब्दांत एका पानावर मांडता आलं, तर तू चांगला तयार झालास. चाकणला हिंदी बोलणारेही पुष्कळ आहेत, म्हणून तेच पान हिंदीतही लिहून बघ.

होकार कळवण्याआधी एचआरला विचार, पहिल्या वर्षात रात्रपाळी मिळेल का आणि सिस्टिम बदलायच्या वेळी की-यूजर, म्हणजे विभागाच्या वतीने नवी सिस्टिम तपासणारा आणि इतरांना शिकवणारा, म्हणून घेतील का. दुसरं मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आणि हिंजवडीच्या लोकांना नकार फोनवर देऊ नकोस, नीट लिहून कळव. कदाचित त्यांच्याकडेच परत जायचं असेल. मसुदा पाठव, रविवारी पाहून ठेवतो.

कळावे.