सीईए वाढला म्हणजे फुफ्फुसाचा कर्करोगच समजायचा का?

तुमच्या वडिलांच्या छातीच्या एक्स-रेमध्ये डाग दिसला आणि रक्तातील सीईए (काही कर्करोगांत वाढणारे एक प्रथिन) ९ आला, तेव्हा हा कर्करोगच समजायचा का आणि सुईने डागाचा तुकडा काढून तपासणे (बायोप्सी) टाळता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी नांदेडमध्ये रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे.

सीईएचा शोध १९६५ मध्ये लागला तो मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या अभ्यासात. फुफ्फुसाशी त्याचे एकट्याचे नाते नाही. साधारणपणे ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंतचा आकडा सामान्य मानतात, पण वर्षानुवर्षे बिडी ओढणाऱ्यांत, यकृताच्या किंवा फुफ्फुसाच्या जुनाट आजारांत तो कर्करोगाविनाही वाढतो. उलट गाठ लहान असताना तो बहुधा सामान्यच असतो, म्हणून आकडा चांगला आला तरी डागाचा तपास सोडता येत नाही.

आपल्या मराठवाड्यात अशा डागामागे क्षयरोगही असू शकतो, त्यामुळे थुंकीची सीबीनॅट, म्हणजे क्षयाचे जंतू शोधणारी तपासणी अवश्य करावी. मात्र थुंकीत जंतू सापडलेले नसताना नुसत्या अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू करून महिने घालवू नयेत. सुई लावली की गाठ पसरते, ही भीती गावोगावी ऐकू येते. प्रत्यक्षात तसे होणे अत्यंत दुर्मिळ आहे. छातीत हवा भरण्याचा धोका मात्र खरा असतो आणि त्यासाठीच रुग्णाला नंतर काही तास देखरेखीखाली ठेवतात. कर्करोग आहे की नाही, असल्यास कोणत्या प्रकारचा, आणि ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांतील बदलावर चालणाऱ्या गोळ्या लागू पडतील का, हे त्या तुकड्यावरूनच नीट कळते.

सीईएसारख्या रक्तातील खुणांचा खरा उपयोग निदान झाल्यानंतर होतो. उपचारापूर्वी एक आकडा घेऊन ठेवावा आणि पुढचे सर्व त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने करावेत, कारण पद्धत बदलली की आकडाही बदलतो. केमोच्या पहिल्या काही दिवसांत पेशी फुटल्यामुळे तो तात्पुरता वाढूही शकतो. औषध बदलण्याचा निर्णय सीटी स्कॅन पाहूनच घेतात.

फुफ्फुसाच्या लहान पेशींच्या कर्करोगात एनएसई ही रक्तातील दुसरी खूण पाहतात, आणि त्याबाबतची आमच्याकडून झालेली एक चूक मला आजही सलते. भर एप्रिलमध्ये तालुक्याहून बसने आलेल्या नळीतील तांबड्या पेशी फुटलेल्या होत्या, आणि एनएसई त्या पेशींतही असल्यामुळे आकडा खोटाच वाढला. तो अहवाल आमच्याकडून गेला आणि त्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही. ताज्या रक्तावर आकडा सामान्य निघाला. तेव्हापासून नळीतील सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारे पिवळसर पाणी) लालसर दिसले तर मी ती तपासणी करतच नाही.

वडिलांना छातीरोगतज्ज्ञांकडे किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात नेताना घरातील सर्व जुने एक्स-रे बरोबर घ्या. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्ये तोच डाग तेवढाच असेल, तर डॉक्टरांच्या दृष्टीने ती गोष्ट सीईएच्या आकड्यापेक्षा मोलाची ठरेल.