एक्स्ट्रूडर मशीनच्या मोटरचा ड्राइव्ह (वेग कमी-जास्त करणारं उपकरण) चालू होताच पीएलसीवरचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवरचं) तापमान २०-३० अंशांनी उड्या मारतं. वायरमन म्हणतो, पीएलसीसाठी वेगळा अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) खोदा. खोदू का?

नका खोदू. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कुठल्याही शेडमध्ये विचारलंत तरी तुमच्या वायरमनसारखाच सल्ला मिळेल, पण त्याने हा त्रास जात नाही, धोका मात्र वाढतो. अर्थ फॉल्ट झाला किंवा जवळपास वीज पडली की दोन सुट्या पिटांमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो थेट पीएलसीच्या कार्डांवर येतो. पिट कितीही असोत, ते एकमेकांना जोडलेलेच हवेत.

आकडा हलवणारा, ड्राइव्हमधून निघालेला हा नॉइज (नको असलेला विजेचा गोंधळ) जमिनीत मुरत नाही, त्याला ड्राइव्हकडेच परत जायचं असतं. आतले आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि दर वेळी व्होल्टेज मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळात चढतं. त्या झटक्याने केबल आणि वाइंडिंगच्या कपॅसिटन्समधून करंट मोटरच्या बॉडीत उतरतो. परतीची जवळची वाट नसेल तर तो तुमच्या एक्स्ट्रूडरच्या सांगाड्यातून, थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या सेन्सरच्या) शीथमधून, म्हणजे बाहेरच्या धातूच्या नळीतून, वाट काढतो. के टाइप थर्मोकपल एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतं. १ मिलिव्होल्टची गडबड झाली की आकडा २४-२५ अंशांनी सरकलाच.

म्हणून पैसे खर्च करायचे तर मोटरच्या केबलवर करा. शील्डेड केबल (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) घ्या आणि शील्ड दोन्ही टोकांना जोडा: ड्राइव्हकडे माउंटिंग प्लेटवर, सगळीकडून घट्ट धरणाऱ्या क्लॅम्पने, आणि मोटरच्या टर्मिनल बॉक्सवर ईएमसी ग्लँडने (शील्डला चहूबाजूंनी धरणारं धातूचं केबल-ग्लँड). शील्ड पिळून, शेपटी काढून, तिला लग मारून बोल्टखाली दाबायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, आणि बहुतेक पॅनल तिथेच फसतात. १० सेंटीमीटरच्या शेपटीचं इंडक्टन्स साधारण ०.१ मायक्रोहेन्री. मल्टिमीटर तिथे शून्य ओहम दाखवतो, पण १० मेगाहर्ट्झला तोच तुकडा ६ ओहमच्या वर जातो. मल्टिमीटरवर भरवसा ठेवून हे काम होत नाही. प्लेट रंगवलेली असेल तर क्लॅम्पखालचा आणि ड्राइव्हच्या बुडाखालचा रंग खरवडून काढा; नवीन पॅनल करून घेत असाल तर गॅल्व्हनाइज्ड प्लेटच मागा.

थर्मोकपलची केबल मोटरच्या केबलपासून निदान ३० सेंटीमीटर दूर, वेगळ्या डक्टमधून न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात. तिचं शील्ड फक्त पॅनलच्या टोकाला जोडा. थर्मोकपलचं जंक्शन (दोन तारांचा सांधा) शीथला टेकलेलं असेल तर अनग्राउंडेड, म्हणजे सांधा शीथपासून सुटा असलेलं, थर्मोकपल लावा. पॅनलमधल्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर झटका शोषणारा भाग लावा: कॉइल एसी असेल तर आरसी स्नबर, डीसी असेल तर डायोड. पीएलसीतला फिल्टर वाढवून आकडा स्थिर दिसेल, पण मूळ नॉइज तसाच राहील. तो उपाय शेवटी ठेवा.

यातलं काहीही विकत घेण्याआधी एक फुकटची चाचणी करा. ड्राइव्हची कॅरियर फ्रिक्वेन्सी (आयजीबीटी चालू-बंद होण्याचा वेग) ८ किलोहर्ट्झ असेल तर ४ वर आणा. मोटर थोडी जास्त गुणगुणेल, पण उड्या कमी झाल्या तर दोष ड्राइव्हच्या आउटपुटकडे आहे हे जवळपास नक्की. मग सप्लाय बंद करून, ड्राइव्हवर लिहिलेला डिस्चार्जचा (आत साठलेली वीज उतरण्याचा) वेळ पूर्ण होऊ द्या आणि मगच केबलला हात लावा.