पणजीचा जन्म मानमोडीच्या सालातला

चि. ओवी हिस अनेक आशीर्वाद.

परवा जेवताना तू विचारलेल्या प्रश्नाला मी घाईत उत्तर दिले आणि ते अपुरे राहिले, म्हणून हे पत्र लिहितो आहे. शाळेसाठी तू पणजीच्या आयुष्याचा कालपट करते आहेस. त्यासाठी तू आजोबांना फोनवर तिची जन्मतारीख विचारलीस, तेव्हा ते म्हणाले, "ती मानमोडीच्या सालातली." आजोबांची स्वतःची तारीख १ जून आणि त्यांच्या तिन्ही भावंडांचीही १ जूनच, हे ऐकून तू मला म्हणालीस, "बाबा, कोण कधी जन्मले याची आपल्या लोकांना काळजीच नव्हती का?"

काळजी होती, पण ती तारखेच्या रूपात ठेवलेली नव्हती. १ जूनचा उलगडा सोपा आहे. मुलाला शाळेत घालताना गुरुजी जन्मतारीख विचारत आणि वडील सांगत, "बेंदराच्या आदल्या दिवशी झाला," किंवा "सुगीत झाला." दाखलखारीज रजिस्टरात मात्र दिवस, महिना आणि वर्ष लिहावेच लागे. शाळा जूनमध्ये सुरू होई, म्हणून प्रवेशाच्या वयात बसेल असे वर्ष धरून गुरुजी १ जून लिहून टाकत. महाराष्ट्रात त्या पिढीची असंख्य माणसे कागदोपत्री याच दिवशी जन्मलेली आहेत. घरात जन्माची खूण म्हणून तिथी सांगितली जाई आणि वर्षाची खूण म्हणून त्या वर्षी गावावर जे ओढवले ते सांगितले जाई. म्हणून आजोबांचे उत्तर तुला वाटले तसे मोघम नाही.

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. अंग आणि मान मोडून येई, म्हणून लोकांनी तिला हे नाव दिले. जूनमध्ये ती मुंबई बंदरात उतरली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसऱ्यांदा उसळली तेव्हा आगगाडीच्या रस्त्याने खेड्यापाड्यांत शिरली. पाऊसही त्याच वर्षी दगा देऊन गेला होता, त्यामुळे आजारी माणसाच्या पोटात पुरेसे अन्न नव्हते. हिंदुस्थानात त्या साथीने सव्वा कोटीहून अधिक माणसे नेली, असा अंदाज आहे. आपण गेल्या वर्षी मेलबर्नमध्ये जी रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग पाहिली, तिथे १९१९ मध्ये याच साथीच्या रुग्णांसाठी तात्पुरते रुग्णालय उघडले होते. तेव्हा मेलबर्न आणि सातारा जिल्ह्यातला आपला खटाव तालुका यांना जोडणारा हा धागा तुझ्या कालपटात अवश्य घाल.

माझ्या चुलत्यांनी काही वर्षांपूर्वी तहसील कचेरीतून कोतवाल बुकाची नक्कल काढली. गावातले जन्म आणि मृत्यू कोतवालामार्फत ज्या वहीत नोंदवले जात, ती ही वही. ती मोडी लिपीत असल्यामुळे जाणकाराकडून वाचून घ्यावी लागली. ऑक्टोबर १९१८ च्या तिसऱ्या आठवड्यातली पणजीची नोंद तीत सापडली. तिच्या वडिलांचे नाव आहे आणि पुढे फक्त "मुलगी" असे लिहिले आहे. तिचे नाव नाही. त्या पानावर जन्म मोजके आहेत आणि मृत्यूंच्या ओळींमागून ओळी आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकीपुढे कारण म्हणून "ताप" एवढाच शब्द आहे. त्या ओळींत तिच्या आईचीही नोंद आहे, अकरा दिवसांनंतरची. पणजीला तिच्या आत्याने वाढवले, हे तुला ठाऊक आहे. का वाढवले, हे त्या एका पानावर आहे. ती स्वतः मला सांगे, "मी कोजागरीच्या सुमाराची." त्या वर्षीची कोजागरी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच येते, म्हणजे तिची आठवण आणि सरकारी वही एकमेकींशी जुळतात. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, हे लक्षात घेतले की मला त्या जुळण्याचा फार अभिमान वाटतो.

लग्नाचा कागद मात्र आपल्या घरात आहे. पत्र्याच्या ट्रंकेतल्या लग्नाच्या यादीवर "शके १८५१, शुक्लनाम संवत्सरे, फाल्गुन वद्य" असे लिहिलेले आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, असे तुला मी शिकवले होते आणि त्याप्रमाणे तू १९२९ लिहिलेस. यात एक पोटनियम सांगायचा राहिला होता. शकाचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते, त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना, म्हणून ते लग्न मार्च १९३० मधले. ही एका वर्षाची दुरुस्ती किरकोळ वाटेल, पण सगळा अर्थ तिच्यात आहे. मुलीचे लग्न १४ वर्षांच्या आणि मुलाचे १८ वर्षांच्या आत करण्यास बंदी घालणारा कायदा १९२९ मध्ये संमत झाला होता आणि १ एप्रिल १९३० पासून तो लागू होणार होता. हरविलास सारडा यांनी तो मांडला होता आणि आपल्याकडे त्याला शारदा कायदा म्हणत. तो लागू होण्याआधीच्या महिन्यांत देशभर लहान मुलामुलींची लग्ने घाईघाईने उरकली गेली. पणजी तेव्हा अकरा वर्षांची होती, म्हणजे तुझ्याएवढी. ती म्हणे, "कायदा लागायच्या आत मला उजवली." त्याच दिवसांत गांधीजी दांडीकडे चालत निघाले होते, आणि बहुतेक पुस्तकांत मार्च १९३० म्हटले की तेवढेच असते. तू दोन्ही लिही, पण कायदा वर लिही. हे लिहिताना मला वाईट वाटते आहे, तरी तुझ्यापासून ते लपवावे असे वाटत नाही.

१९४२ विषयी मात्र सावध राहा. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि वडगावचे परशुराम घार्गे यांच्यासह अनेकजण हुतात्मा झाले. आपले गाव तिथून दोन कोसांवर आहे, आणि अलीकडे नात्यातले काहीजण पणजी त्या मोर्चात होती असे सांगू लागले आहेत. मला तिने असे कधीही सांगितले नाही. माणसे रात्री परत आली आणि तीन दिवस कोणाच्या चुलीवर धड स्वयंपाक झाला नाही, एवढेच ती सांगे. तेव्हा "वडूजच्या गोळीबाराची बातमी घरी आली" असे लिही. जे गेले त्यांचा मान आपण आपल्या माणसाच्या नावावर जमा करू नये.

आजोबांचा जन्म १९४४ च्या चैत्रातला, मुंबईच्या गोदीत स्फोट झाला त्याच्या चार दिवस आधीचा. स्फोट १४ एप्रिलला झाला. पणजोबा तेव्हा मुंबईत गिरणीत कामाला होते. मुंबई जळाली, एवढेच गावात कळले होते, आणि त्यांचे खुशालीचे कार्ड येईपर्यंत पणजीने बाळाचे बारसे होऊ दिले नाही. १५ ऑगस्ट १९४७ कालपटात आहे तसा राहू दे. त्या दिवशी गावच्या शाळेत साखर वाटली होती.

तू १९६९ समोर चंद्रावरचे पाऊल लिहिले आहेस, ते काढावेस असे मला वाटते. घटना मोठी आहे, पण पणजीच्या घरात तिने काहीही हलवले नाही. त्या जागी १९७२ चा दुष्काळ घे. खटाव-माण भागात विहिरी आटल्या, जनावरे विकावी लागली आणि पणजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. तिथे सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, म्हणजे एक प्रकारची ज्वारी, मिळे. तिच्या डाव्या अंगठ्यावरचा हातोडीचा वण मी लहानपणी बोट फिरवून पाहिला आहे.

ती गेली ते वर्ष १९९३. दिनांक माझ्याजवळ लिहिलेला आहे, तरीही कोणी विचारले की माझ्या तोंडून पहिल्यांदा "किल्लारीच्या भूकंपाच्या आठवड्यात" असेच येते.

रविवारी आजोबांचा फोन येईल तेव्हा त्यांना मिलोच्या भाकरीची चव विचार. १९७२ मध्ये ते २८ वर्षांचे होते आणि ती भाकरी त्यांनी खाल्ली आहे. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे, आणि सांगितले कोणी आणि कधी, हेही त्याच्याखाली लिही.

तुझा,
बाबा