पोटच नाही, बाळाची त्वचाही बघ

अगं, बाळाला अन्नाची ॲलर्जी का होते म्हणतेस, तर पहिले एक मनातून काढून टाक: गरोदरपणी तू काय खाल्लंस म्हणून बाळाला ॲलर्जी झाली, असं नाही. सासूबाईंनाही हे शांतपणे सांग.

ॲलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती अन्नातल्या प्रथिनाला शत्रू समजते. आईवडिलांना दमा, एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाज, चट्टे येणं) असेल तर शक्यता वाढते. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्वचा. एक्झिमाने फुटलेल्या त्वचेतून अन्नाचे कण आत गेले की शरीर बिथरतं. तेच अन्न वेळेवर पोटात गेलं तर ओळख होते. म्हणून अशा त्वचेला लाकडी घाण्यावरच्या फल्लीतेलाने, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाने, मालिश नको. माझ्या मुलीला मी तेच चोळत होते, आजही हळहळ वाटते.

दुसरं, उशीर. आम्हाला सांगत, अंडं, फल्लीदाणा वर्षभर देऊ नका. 2015 साली आलेल्या, लीप नावाच्या शेंगदाणा-ॲलर्जीवरच्या अभ्यासात उलटं दिसलं: जास्त धोक्याच्या बाळांना 4 ते 11 महिन्यांदरम्यान शेंगदाणा सुरू केला, तर पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी आढळली. तुझ्या बाळाला एक्झिमा आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना विचार. अख्खा दाणा कधीच नको, घशात अडकतो; बारीक कूट पातळ करून दे.

संत्र्याच्या रसाने तोंडाभोवती लाली येते, ती बहुतेकदा आंबटपणाची, ॲलर्जीची नाही. दुधाने नुसतं पोट फुगणं हेही वेगळं. पण ओठ सुजले, श्वास घरघरला, बाळ एकदम मलूल पडलं, तर 108 लाव. नागपुरातली मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं, जे जवळ असेल तिथे लगेच.