मुके सूर आधी कागदावर मांडा, मग पेचकस हातात घ्या

जालन्याच्या सदस्यांचा प्रश्न थोडक्यात असा: ऑर्केस्ट्रावाल्यांकडून घेतलेला १९७० च्या आसपासचा ट्रान्झिस्टर ऑर्गन, ४९ पट्ट्या. चालू केला की घूंऽ आवाज सतत. काळी ४ चे (सप्तकातली चौथी काळी पट्टी) खालच्या दोन सप्तकांतले सूर गायब. चार-पाच पट्ट्या खरखरतात. पायातलं पेडल पूर्ण दाबलं तरी आवाज दबलेलाच. मेकॅनिक म्हणतो, सगळे कंडेन्सर बदलू.

बदलू देऊ नका. हे चार वेगळे बिघाड आहेत आणि त्यातल्या बहुधा एकालाच कंडेन्सर लागणार आहे. त्या काळच्या बोर्डावरची तांब्याची पट्टी सोल्डरिंगच्या उष्णतेनं सहज उचलते. शंभरभर डाग काढून पुन्हा भरायला घेतले तर चांगले सूरही मरतात. ऑसिलेटरमधल्या (सूर निर्माण करणाऱ्या सर्किटमधल्या) चकचकीत, अर्धपारदर्शक पॉलिस्टायरीन कंडेन्सरना तर हातच लावायचा नाही. गरम सोल्डरिंग लागला की ते वितळतात आणि मग तो सूर ट्यूनिंगच्या टप्प्यातच येत नाही.

आत काय चालतं ते आधी समजून घ्या. सर्वात वरच्या सप्तकासाठी बारा ऑसिलेटर असतात, एका सुराला एक. त्या प्रत्येकामागे डिव्हायडरची साखळी, म्हणजे फ्लिप-फ्लॉप (आळीपाळीनं चालू-बंद होणारी दोन ट्रान्झिस्टरची जोडी). प्रत्येक टप्पा कंप्रता निम्मी करतो, की सूर एक सप्तक खाली येतो. फारफिसा कॉम्पॅक्ट असो की व्हॉक्स कॉन्टिनेन्टल, गणित हेच. (हॅमंड वेगळी जात. त्यात सिंक्रोनस मोटरवर टोनव्हील फिरतात, आणि ६० हर्ट्झचं मॉडेल आपल्या ५० हर्ट्झवर लावलं तर सूर तीन अर्धस्वरांहून थोडा जास्तच उतरतो. हे उत्तर त्याला लागू नाही.)

आता वहीच्या पानावर आडवे बारा रकाने करा, पांढरी १ ते पांढरी ७ मधल्या काळ्यांसकट, आणि उभी सप्तकं. फक्त ८ फुटाचा स्टॉप उघडा (हा पट्टीचा मूळ सूर देतो, ४ फुटाचा एक सप्तक वरचा), एकेक पट्टी दाबा, खूण करा. एक सूर सगळ्याच सप्तकांत मुका असेल तर त्याचा ऑसिलेटर गेला. वर वाजतो आणि एका ठिकाणापासून खाली सगळा मुका, तर डिव्हायडर. तुमची काळी ४ ही अशीच. खालचा सूर मुका नसून वरच्याच सप्तकात वाजत असेल तरी डिव्हायडरच, तो टप्पा भागाकार करत नाहीये. एकटीदुकटी पट्टी मुकी असेल तर जनरेटरकडे, म्हणजे ऑसिलेटर-डिव्हायडरकडे, बघूसुद्धा नका, तो कॉन्टॅक्ट आहे. खात्री करायची असेल तर ८ फूट बंद करून ४ फुटाचा स्टॉप उघडा आणि एक सप्तक खालची तीच पट्टी दाबा. ती नेमका तोच सूर त्याच डिव्हायडरकडून मागते. वाजला, म्हणजे जनरेटर ठणठणीत आहे.

दुरुस्तीची सुरुवात मात्र घूं आवाजापासून करा, कारण वीजपुरवठा घाण असेल तर पुढची सगळी मापं फसवतात. ऑर्गनच्या मागे लावलेल्या माहितीच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. बाहेरून आलेले काही ऑर्गन १०० किंवा ११७ व्होल्टचे असतात. पहिल्यांदा चालू करताना ६० वॅटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा (एलईडी चालणार नाही). बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

घूं कसला, हे कानानंच कळतं. ऑर्गन पांढरी १ पासून सुरू होत असेल तर डावीकडून पहिली पांढरी ५ आठ फुटांवर दाबा. ती ९८ हर्ट्झची. घूं तिच्या अगदी जवळ, किंचित चढा लागला तर तो १०० हर्ट्झचा, म्हणजे फिल्टर कंडेन्सर सुकलेत. त्याच्याही एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ: एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजमधला एखादा डायोड उघडा पडलाय, किंवा शिल्डेड वायरची जाळी तुटलीय, किंवा अर्थिंगचा घोळ. आपल्याकडे जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं आणि अर्थिंगची तार कुठंच गेलेली नसते, तेही तपासा.

फिल्टर कंडेन्सर १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा असेल तर त्या जागी १००० मायक्रोफॅरड ५० व्होल्ट, १०५ अंश तापमान सोसणारा घाला. फार तर २२००. दहा हजाराचा घालून घूं कायमचा मिटवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, चालू करतानाच्या झटक्यानं डायोड जातात. डायोड १एन४००७ पुरतात. एक सावधगिरी: जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या बऱ्याच ऑर्गनमध्ये पुरवठा उणे असतो आणि कंडेन्सरची अधिक बाजू चॅसीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेली असते. जुना काढण्याआधी फोटो घ्या. उलटा बसवला तर फुटतो.

आता काळी ४. ऑसिलोस्कोप नको, मल्टिमीटर पुरतो. चालू फ्लिप-फ्लॉपच्या दोन्ही कलेक्टरांवर (कलेक्टर म्हणजे ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी एक) डीसी माप पुरवठ्याच्या जवळपास निम्मं येतं, कारण प्रत्येक ट्रान्झिस्टर अर्धा वेळ चालू आणि अर्धा वेळ बंद असतो. अडकलेल्या टप्प्यात एक कलेक्टर शून्याजवळ आणि दुसरा पुरवठ्याजवळ दिसतो. वरून खाली मोजत या. पहिला अडकलेला टप्पा तोच आरोपी. त्याच्या खालचे सगळे केवळ उपाशी आहेत, त्यांना सोडा. ऐकून बघायचं तर कॉम्प्युटरचा जुना छोटा स्पीकर घ्या, त्याच्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा कंडेन्सर आणि ४७ किलोओहम सिरीजमध्ये जोडा, आणि टोक एकेका टप्प्यावर टेकवा. बोर्ड सॉकेटात खुपसलेले, काढता येणारे असतील तर त्याहून सोपं: वीज काढून काळी ४ आणि शेजारच्या सुराचा बोर्ड अदलाबदल करा. सूर उलटसुलट होतील, पण खालचा मुकेपणा बोर्डासोबत सरकला की बिघाड बोर्डातच. जागेवर राहिला तर सॉकेट किंवा तारा.

मे महिन्यात हे काम करत असाल तर आणखी एक. परभणी-नांदेडकडे पारा ४३-४४ ला टेकतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती (बंद असतानाही वाहणारा प्रवाह) साधारण दर दहा अंशांना दुप्पट होते. म्हणून पहाटे नीट वाजणारा डिव्हायडर दुपारी अडकतो. संशयित ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा टेकवा. गार होताच सूर परत आला तर तोच बदला. तपासताना बेस-एमिटर जर्मेनियमला ०.२ ते ०.३ व्होल्ट आणि सिलिकॉनला ०.६ ते ०.७ येतात, त्यामुळं चांगल्या जर्मेनियमला शॉर्ट समजून फेकू नका. जर्मेनियम मिळालाच नाही तर पीएनपी प्रकारच्या ट्रान्झिस्टरच्या जागी सिलिकॉनचा बीसी ५५७ चालवून बघता येतो, पण त्या फ्लिप-फ्लॉपची जोडी एकदमच बदला. एक जर्मेनियम, एक सिलिकॉन अशी जोडी नीट पलटत नाही. बीसी ५५७ ची सपाट बाजू आपल्याकडं आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. सोल्डरिंग २५ वॅटचाच. नांदेड-लातूरकडच्यांना सुट्या भागांसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा हैदराबादच्या कोटीतली गुजराती गल्ली जवळ पडते.

खरखरणाऱ्या पट्ट्यांना पार्टच लागत नाही, चिकाटी लागते. माळवदाच्या घरात वरून माती झडते, कापसाच्या दिवसांत तूस उडते, आणि हे सगळं पट्ट्यांखालच्या बारीक तारांवर बसतं. जुना फोम विरघळून डांबरासारखा चिकट झाला असेल तर तो आधी खरवडून काढा. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये (मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे असतं) कोऱ्या जाड कागदाची पट्टी भिजवून तार आणि बसबारच्या (तारा जिला टेकतात त्या लांब दांडीच्या) मध्ये सरकवा, ऑर्गनची पट्टी हलकेच दाबून धरा, कागद ओढा. कागद काळा यायचा थांबेपर्यंत. पॉलिशपेपर अजिबात नको, चांदीचा मुलामा निघाला की तो कॉन्टॅक्ट महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा खरखरतो. रॉकेल, पेट्रोल, गंज काढायचा फवारा, यातलंही काही नको. मागे राहणाऱ्या तेलावर धूळ आणखी चिकटते. वाकलेली तार चिमट्यानं अर्धा मिलिमीटर सरळ करा, त्याहून जास्त नाही.

पेडलचं कारण बहुधा फुटकळ निघेल. अनेक ऑर्गनमध्ये पेडलात एक छोटा बल्ब आणि एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा भाग) असतो, मधला पडदा हलून आवाज कमी-जास्त होतो. बल्ब उडाला की आवाज दबतो आणि लोक अॅम्प्लिफायर उघडून बसतात. त्याच व्होल्टेजचा बल्ब लावा. पेडलात बल्ब नसून पोटेन्शिओमीटर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-पंचवीसदा फिरवा.

ट्यूनिंग सगळ्यात शेवटी, ऑर्गन अर्धा तास तापल्यावर. वरचे बारा ऑसिलेटरच लावायचे, खालची सप्तकं आपोआप येतात. कॉइलमधला फेराइट (चुंबकीय गाभा) प्लॅस्टिकच्या पेचकसानं फिरवा. लोखंडी टोक जवळ नेलं की सूर सरकतो आणि काढलं की परत जातो. मेणानं घट्ट झाला असेल तर हेअर ड्रायरनं जरा ऊब द्या, जोर लावला तर फेराइट चिरतो. संदर्भ म्हणून मोबाईलचं ट्यूनर पुरे, पांढरी ६ ला ४४०.

काळी ४ च्या प्रत्येक टप्प्याची दोन्ही कलेक्टर मापं, पुरवठ्याचं व्होल्टेज आणि बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो इथं टाका. ट्रान्झिस्टरवरचे नंबर वाचता आले तर तेही.