पहिलीच्या मुलांना इंग्रजी शिकवताना घरच्या भाषा वापरल्या तर गोंधळ होतो का?

नाही होत. आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या किनवटकडे एकाच वर्गात मराठी, बंजारा तांड्यावरची गोरमाटी, तेलुगू आणि दखनी बोलणारी लेकरं बसतात. घर ते बाजार एवढ्यातच ती दोन-तीन भाषा बोलून मोकळी होतात. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण शाळेबाहेर ती यांच्या कानावर पडतच नाही. अडचण आहे ती ही.

म्हणून गोष्ट ओळखीची घ्या. मी चिऊ-काऊची घेते. आधी सगळी गोष्ट मराठीत. दुसऱ्या दिवशी पावसात भिजलेला कावळा दार वाजवतो तेव्हा म्हणतो, ‘ओपन द डोअर!’ चिऊ आतून म्हणते, ‘वेट!’ बाळाला अंघोळ घालायची, तीट लावायची, झोपवायचं, आणि दरवेळी तीच दोन वाक्यं. पाठ करून घ्यावं लागत नाही. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यात गप्प बसणारं लेकरूही कावळा व्हायला उठतं.

मग विचारायचं, तुमच्या घरी दाराला काय म्हणतात? दार, दरवाजा, तलुपु... आणि त्याच रांगेत डोअर. आईच्या शेजारी ‘याडी’ फळ्यावर लिहिलं, की तांड्यावरच्या पोरीचा चेहरा बघा! त्या दिवसापासून ती बोलायला लागते.

फक्त प्रत्येक वाक्याचा लगेच मराठी अर्थ सांगू नका, मुलं त्याचीच वाट बघत बसतात. हातवारे करा, चित्र दाखवा. स्पेलिंगची घाई तर अजिबात नको.